चन्नपट्टणच्या पद्धतीचे लाखकाम : चौथ्या महिन्याची नोंद

लाखकाम म्हणजे लेथवर फिरणाऱ्या लाकडी खेळण्यावर रंगीत लाखेचा थर चढवणे; ते मी घरी शिकतो आहे. माझ्या खुळखुळ्याच्या मुठीवरील लाख पापुद्र्यासारखी सुटून आल्याचे मागच्या नोंदीत लिहिले होते. त्याचे कारण आता सापडले असून दोष लाखेचा नव्हता, लाकडाचा होता. कर्नाटकातल्या चन्नपट्टण या लाकडी खेळण्यांच्या गावचे कारागीर ज्याला ‘आले मर’ म्हणतात तो आपल्याकडचा काळा कुडा. पांढरट, बारीक पोताचा आणि पटाशीखाली सहज कातला जाणारा. मित्राच्या बांधावर वादळात पडलेल्या अशाच एका झाडाच्या फांद्या मी महिनाभर सावलीत ठेवल्या आणि त्या वाळल्या असे गृहीत धरले. या खेपेस एका ठोकळ्याचे दर रविवारी वजन केले. पहिल्या दिवशी ते ६४० ग्रॅम होते, चौथ्या रविवारी ५०५ झाले आणि त्यानंतरही उतरतच राहून अकराव्या रविवारी ४३१ ग्रॅमवर स्थिरावले. म्हणजे ज्या टप्प्यावर मी लाख चढवली होती, त्या वेळी लाकडात पुष्कळ ओल शिल्लक होती. त्याच स्थिरावलेल्या ठोकळ्यातून कातलेल्या भोवऱ्यावरची लाख तीन आठवडे झाले तरी नखाने उचकटत नाही.

बंगळूरहून म्हैसूरच्या रस्त्याने सुमारे ६० किलोमीटरवर असलेल्या चन्नपट्टणला यंदा जाऊन आलो, आणि या कामाचे मर्म मला तिथेच उमगले. या गावाला कन्नडमध्ये बाहुल्यांचे गाव म्हणतात. इथल्या कलेचे मूळ टिपू सुलतानाच्या काळाशी जोडले जाते, तर जपानी खेळण्यांचे तंत्र इथे आणण्याचे श्रेय बावास मियाँ यांना दिले जाते. मी मात्र दिवसभर एका वयस्क कारागिराच्या हातांकडेच पाहत बसलो. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळते आणि लाकडाला धरते. ना ब्रश, ना भट्टी. मी घरी कांडी जोरात दाबत असे, त्यामुळे लाख एका जागी साचून जळकट होई. त्या कारागिराने कांडी फक्त टेकवली आणि सावकाश डावीकडून उजवीकडे नेली. एवढ्या एका गोष्टीने माझे काम बदलले.

कांड्या आता मी घरीच करतो. निखाऱ्यावर लाख मऊ करून तिच्यात रंग मिसळायचा आणि ओढून, पिळून, पुन्हा दुमडून तो सगळीकडे एकसारखा होईपर्यंत मळायचा. हळदीचा पिवळा फार देखणा उतरतो, पण खिडकीत ठेवलेल्या भोवऱ्याची उन्हाकडची बाजू पंधरा दिवसांत फिकट झाली, तेव्हा हळदीची खेळणी उन्हापासून दूर ठेवावीत. निळीचा रंग अजून तसाच आहे.

शेवटचा हात केवड्याच्या पानाचा. कोकणातून आणलेल्या पानाच्या दोन्ही कडांचे आणि मधल्या शिरेवरचे काटे चाकूने काढून टाकले, पान दुहेरी घडी करून फिरत्या भोवऱ्यावर दाबले, आणि कांडीने उमटलेल्या खरबरीत वळ्या दोन-तीन फेऱ्यांत पसरून पृष्ठभाग असा नितळ झाला की दिव्याचे प्रतिबिंब त्यात दिसू लागले. कापडाने हा गुण येत नाही. मी सुती, लोकरी असे दोन्ही प्रकार वापरून पाहिले, त्यांचे धागे लाखेत अडकतात. पान मात्र फार सुकलेले नको, ते चिरते.

सध्या खुळखुळ्याची मूठ नव्याने कातून झाली आहे. तिच्यावरच्या तीन सुट्या कड्या त्याच ठोकळ्यातून कातून मोकळ्या करायच्या आहेत. पहिली काल सुटली, दुसरी तडकली. दुसरीसाठी पटाशीला पुन्हा धार लावली असून उरलेल्या दोन कड्या येत्या रविवारी कातणार आहे.