‘किती तास?’ या प्रश्नाच्या आधी

पालक सभेत मोबाइलवरील खेळांचा विषय निघाला की चर्चा ‘किती तास खेळू द्यावे?’ या प्रश्नापाशी अडते. बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील मराठी शाळांच्या ज्या पालकांशी माझे बोलणे होते, त्यांच्यापैकी फार थोड्यांनी आपला मुलगा नेमके काय खेळतो हे शेजारी बसून पाहिलेले असते.

बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया) हा मोबाइलवरचा लढाईचा खेळ घ्या. तेथे एका सामन्यात १०० खेळाडू उतरतात, बहुतेक मुले चौघांचा गट करून खेळतात आणि शेवटपर्यंत टिकल्यास जवळपास अर्धा तास लागतो. हा सामना मध्येच थांबवून जेवणानंतर पुढे सुरू करता येत नाही. विसाव्या मिनिटाला ‘जेवायला ये’ अशी हाक आली, तर मुलाला ताट आणि तीन सोबती यांतून एकाची निवड करावी लागते, आणि त्या वेळचा त्याचा चिडका आवाज आपण व्यसनाचा पुरावा मानतो. ‘आठ वाजता बंद’ यापेक्षा ‘साडेसातनंतर नवा सामना नाही’ हा नियम म्हणूनच अधिक पाळला जातो. गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चालू षटक संपू देण्याचा समजूतदारपणा आपण दाखवतोच.

शिक्षकांनीही थोडे ऐकावे. वर्गात कन्नड वाक्य उच्चारताना अडखळणारी काही मुले हेडफोन लावून धारवाड-गोकाककडच्या सोबत्यांना बिनदिक्कत कन्नडमध्ये सूचना देत असतात. (ते भाषेच्या तासाला का घडत नाही, याचे उत्तर मोबाइलने द्यायचे नाही.)

काळजीचे कारणच नाही, असा याचा अर्थ नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे, पण तिथे तासांची मर्यादा दिलेली नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळाला महत्त्व येणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही लक्षणे साधारणपणे १२ महिने दिसावी लागतात. मे महिन्याच्या सुट्टीत रात्री जागलेला मुलगा या व्याख्येत बसत नाही. शंका असल्यास टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलता येते. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत तर २०१४ पासून यासाठी स्वतंत्र ‘शट’ क्लिनिक आहे.

मला तासांपेक्षा पैशांची चिंता अधिक वाटते. आत काय निघेल हे आधी न कळणाऱ्या खेळातल्या पेट्या खरे पैसे देऊन विकत घेण्याचा मोह मोठ्यांनाही आवरणार नाही. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीपूर्वी पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती सुरू करावी. आणि आपल्याकडे अनेक घरांत आईवडिलांचे यूपीआय व्यवहार मुलेच करून देतात, तेव्हा निदान पिन तरी स्वतःच्या हाताने टाकावा.