ट्रान्सफॉर्मर जळाला, पण काहून?

आमच्या दारव्ह्याकडं पवनचक्क्या नाहीत, तेवढं वारंच नाही, त्यामुळं मी काय काम करतो हे गावात पटकन कळत नाही. धुळ्याकडं पवनचक्कीचा ट्रान्सफॉर्मर गेला की तो काहून गेला ते शोधायचं, हे माझं काम. शेजारचे काका म्हणले, "जयला म्हंजे जयला, लोड आला असन, त्यात काय शोधतं बाप्पा?"

पण दरवेळी लोडच नसतो ना. हा ट्रान्सफॉर्मर 690 व्होल्टचे 33 केव्ही, म्हणजे 33 हजार व्होल्ट, करतो, पावसाळ्यात वारं सुटलं की फुल लोड, थोड्या वेळानं वारं पडलं की रिकामा, ऑइल तापतं आणि निवतं, निवताना बाहेरची हवा आत ओढली जाते अन् तिच्यासोबत ओल, म्हणून ब्रीदरमधलं, म्हणजे हवा आत येते त्या डबीतलं, ओल शोषणारं निळं सिलिका जेल गुलाबी झालेलं दिसलं की मी तिथंच थांबतो. त्यात व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे लाइन तोडणारा मोठा स्विच, करंट असा झटक्यात तोडतो की कधीकधी व्होल्टेजचा उभा झटका वाइंडिंगच्या, म्हणजे आतल्या तारेच्या गुंडाळीच्या, पहिल्या वेढ्यांवर आदळतो, असं होत होत तारेवरचं इन्सुलेशन खचतं अन् एक दिवस वेढ्यावेढ्यात शॉर्ट. त्या दिवशी लोड अर्धाही नसू शकतो!

ऑइल बरंच सांगतं, आत बिघाड झाला की त्यात गॅस विरघळतात, ते तपासायचे. नुसता हायड्रोजन वाढला तर आत बारीक डिस्चार्जचा संशय, इथिलिन म्हणजे ऑइल फार तापलं, ॲसिटिलिन म्हणजे आर्किंग, कार्बन मोनॉक्साइड वाढला तर तारेवर गुंडाळलेल्या कागदाकडं बघायचं. सॅम्पल घेताना व्हॉल्व्हमधून आधी थोडं ऑइल वाहू द्यायचं, मग काचेच्या सिरिंजमध्ये, बुडबुडा न येऊ देता.

मला खरा राग येतो तो "एकदा चार्ज करून बघू", म्हणजे परत लाइन चालू करून बघू, याचा. ट्रिप झालं की कारण न बघताच परत चार्ज, परत ट्रिप, परत चार्ज, आणि पहिल्या फॉल्टची जी खूण होती ती त्यातच जळून जाते, रिलेमधली, म्हणजे फॉल्ट ओळखून ट्रिप करायला लावणाऱ्या यंत्रातली, नोंद कोणी उतरवलेली नसते, टाकी उघडली तर वितळलेलं तांबं. मग नवीन ट्रान्सफॉर्मर येतो, त्याच ब्रेकरला त्याच केबलला लागतो, आणि तोही जातो.

गावात तेच चाललंय. हरभऱ्याच्या पाण्याच्या टायमाला डीपी, म्हणजे शेतावरचा ट्रान्सफॉर्मर, जळते, लोकं वर्गणी करून ट्रॅक्टरवर घालून नेतात, दुसरी येते, आणि फ्यूजच्या जागी जाड तार तशीच, अर्थिंगचा खड्डा कोरडाच, म्हणून तीही जळते, इकडं पीक सुकतं. कारण कोणी लिहूनच ठेवत नाही.

म्हणून पोरांनो, पुढच्या वेळी डीपी उतरवायच्या आधी कुंपणाच्या बाहेरूनच फोटो काढा, हात कशालाच लावू नका. बुशिंग (तार जोडतात ते वरचे चिनी मातीचे खांब), ऑइलची काच, ब्रीदर, फ्यूजची तार, अर्थिंग, सगळं दिसू द्या. लाइट किती वाजता गेली, तेव्हा मोटरी किती चालू होत्या, आवाज आला का, हे लाइनमनदादाला विचारून लिहा अन् मला पाठवा. रात्री पाठवलं तरी मी बघतो.