तारेवरचे होले: कंठीच्या पलीकडे काय पाहायचं

शाळूची काढणी उरकली की पाटोदा तालुक्यातल्या रानांत सांडलेल्या दाण्यांवर होले, म्हणजे कबुतराच्या कुळातले पक्षी, उतरतात. नायगाव मयूर अभयारण्याच्या बाजूला पक्ष्यांची नोंद करायला गेलो, तेव्हा धसकटांवरून गेलेली विजेची तार होल्यांनी भरली होती. सोबतच्या पोरांनी दुर्बीण लावली आणि एकजण म्हणाला, "सर, सगळ्यांला कंठी हाय, पठारीच लिहू का?" लिहायचं थांबवलं, कारण त्या तारेवर दोन जाती होत्या: पठारी होला आणि तांबडा होला.

कंठी म्हणजे मानेमागची काळी अर्धी पट्टी. ती पठारी होल्याला असते, तशीच तांबड्या होल्यालाही. तांबडा नर सहज कळतो: अंग विटकरी, डोकं निळसर राखाडी. घोळ होतो मादीपाशी. तिचा मातकट रंग पठारीच्या जवळ जातो आणि दुपारच्या उन्हात तर रंगावर भरवसाच ठेवता येत नाही.

म्हणून आधी आकार पाहायचा. पठारी साधारण 32 सेंटीमीटर, तांबडा 22-23. एकटा पक्षी असेल तर हा फरक नजरेत भरत नाही. शेजारी शेजारी बसले की लगेच जाणवतो. मग शेपटी. पठारीची लांब, तांबड्याची आखूड. तार डोक्यावर असल्याचा इथे मोठा फायदा झाला. खालून शेपटीच्या बुडाशी असलेली पिसं स्पष्ट दिसत होती: पठारीची राखाडी, तांबड्याची पांढुरकी. पोरांना हीच खूण सगळ्यात जास्त पटली, कारण ती नर-मादी दोघांनाही लागू पडते.

मोजणी सुरू होती तोच बांधावरच्या बाभळीतून शिक्रा सुटला आणि सगळा थवा उठला. त्या गडबडीत धसकटांत टिपत असलेले तिसऱ्या जातीचे, म्हणजे 'छोटा होला' जातीचे पक्षीही उडाले. त्यांच्या पंखांवरचा निळसर राखाडी पट्टा आणि शेपटीच्या कडांचा पांढरा रंग उडतानाच नीट दिसतो.

थवा लिंबावर बसल्यावर कानांनी काम केलं. पठारी 'कू-कूऽऽ-कुक' असं तीन तुकड्यांत घुमतो, मधला तुकडा लांबवून. तांबड्याचं घुमणं कोरडं, घाईचं, घशात घोळवल्यासारखं. छोट्याचं मऊ, हसल्यासारखं, पाच-सहा सुरांचं.

ठिपकेवाला होला मात्र रानात मिळाला नाही. त्याला गर्द झाडी आणि सावली लागते. तो पुढे विहिरीजवळच्या आमराईत दिसला: मानेमागे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकडा, पाठीवर फिकट ठिपके, शेपटी लांब.

तिथेच खाली एक पिल्लू चालत होतं, मानेवर काहीच खूण नाही. होल्यांची वीण वर्षातले बरेच महिने चालते, त्यामुळे असे पक्षी कधीही समोर येतात. छोट्याच्या पिल्लाला गळ्यावरचे काळे ठिपके नसतात, ठिपकेवाल्याच्या पिल्लाला चौकडा नसतो, पठारीच्या पिल्लाची कंठीही सुरुवातीला उमटलेली नसते. मान कोरी दिसली म्हणून जात ठरवायची नाही. हे पिल्लू लहानखुरं होतं, पंखाच्या दुमडीपाशी निळसर राखाडी झाक होती आणि पाठ सपाट तपकिरी, ठिपक्यांविना. छोटा होला अशी नोंद केली. ही झाक दिसली नसती, तर 'होला, जात अनिश्चित' एवढंच लिहिलं असतं. तीही खरी नोंद आहे, आणि पोरांना ती लिहायला लाज वाटू नये.