टॅव्हर्लीच्या फाटकापर्यंत

बऱ्याच वर्षांनी जुन्या ऑनलाइन खेळाकडे परतणाऱ्या माणसापुढे 'रूनस्केप' जो पेच टाकतो, तसा पेच मला दुसऱ्या कोणत्याही खेळात आढळलेला नाही. येथे परत येण्याचे दरवाजे दोन आहेत. पहिल्या दरवाजाने आत गेलात, तर तुमचे जुने पात्र, त्याची कमाई आणि बँकेतले सामान यांसकट जसेच्या तसे हाती येते. पण ते ज्या जगात उभे असते, ते जग ओळखू येत नाही. दुसऱ्या दरवाजाने गेलात, तर जग २००७ च्या ऑगस्टमधले, म्हणजे गिरणी, गोठा, नदीवरचा पूल सारे जागच्या जागी असते. फक्त तिथे तुमच्या नावावर फुटकी कवडीही नसते. जुने आपण हवे की जुने गाव, एवढेच ठरवायचे. दोन्ही एकत्र मिळण्याची सोय नाही.

हे असे का झाले, ते थोडक्यात सांगायला हवे. अँड्र्यू आणि पॉल गॉवर या इंग्लंडमधल्या भावांनी हा खेळ ४ जानेवारी २००१ रोजी लोकांसाठी खुला केला. जगभरातले हजारो लोक एकाच नकाशावर एकाच वेळी हिंडतात, कोणी लाकडे तोडतो, कोणी मासे धरतो, कोणी खाणीत राबतो, कोणी राक्षस मारतो, असे त्याचे स्वरूप. पुढे तो बदलत गेला आणि २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यातली लढाईची पद्धतच मुळापासून बदलली. जुने खेळाडू बिथरले. त्यानंतर खेळ चालवणाऱ्या कंपनीने २००७ च्या ऑगस्टमधला जपून ठेवलेला बॅकअप काढला, फेब्रुवारी २०१३ मध्ये त्यावर मतदान घेतले, साडेचार लाखांच्या आसपास मते पडली आणि जुने जग वेगळ्या सर्व्हरवर पुन्हा सुरू झाले. तेव्हापासून एकाच नावाचे दोन खेळ शेजारी शेजारी चालतात. आमच्या इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यवहार होतो आणि रात्री त्याच दुकानांच्या ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि गराडू मिळतो, पत्ता एकच राहतो, तसेच काहीसे. फरक इतकाच की सराफ्यात दिवसा विकत घेतलेली अंगठी रात्री बोटातून नाहीशी होत नाही.

मी हा खेळ खेळू लागले, ते भँवरकुआच्या एका सायबर कॅफेत. त्या भागात कोचिंग क्लासेसची गर्दी, त्यामुळे कॅफेही पुष्कळ, आणि प्रत्येक ठिकाणी भिंतीवर 'येथे काहीही इन्स्टॉल करू नये' अशी हिंदीतली पाटी. डिस्क आणून चढवायचे मोठे खेळ त्यामुळे आपोआप बाद होत. रूनस्केप मात्र ब्राउझरमध्येच, त्यात असलेल्या 'जावा' या तंत्रावर चालत असे. पत्ता टाइप केला, थोडा वेळ वाट पाहिली, की झाले. शिवाय त्याचा सर्व्हर सेकंदाच्या सहा दशांशाने एकेक ठोका देतो. चालणे, कुऱ्हाड मारणे, घाव घालणे, सगळे त्या ठोक्यावर बेतलेले. झटपट बंदूक रोखण्याचे खेळ आमच्या त्या रखडत चालणाऱ्या इंटरनेटवर हास्यास्पद होत असत. हा खेळ मुळातच सावकाश असल्यामुळे त्यात आम्ही फिनलंड किंवा कॅनडातल्या मुलांच्या फारसे मागे पडत नव्हतो. भारतातल्या लहानमोठ्या शहरांतल्या मुलामुलींना तो का मानवला, याचे कारण शोधणाऱ्यांनी आधी या ठोक्याचा विचार करावा, असे माझे मत आहे. नंतर ब्राउझरांनी जावाचा आधार काढून घेतला, मी नोकरीला लागले, कॅफेही एकेक करून मोबाइलच्या दुकानांत रूपांतरित झाले, आणि खेळ सुटला.

परतीचे निमित्त माझा भाचा. तो नववीत आहे, आणि 'आत्या, तुमच्या वेळेला कसले खेळ होते?' असे त्याने ज्या दयाबुद्धीने विचारले, तिला उत्तर देणे भागच होते. आता हा खेळ फोनवर येतो. संध्याकाळी गच्चीवर बसून मी आधी पहिला दरवाजा उघडला.

पात्र होते. निळ्या अंगरख्यातली, त्या काळी मला फार देखणी वाटलेली माझी ती बाई खेळातल्या वॅरॉक शहरात बँकेशेजारी उभी होती. बँकेत 'यू' नावाच्या झाडांचे ओंडके, कोळसा आणि न विकलेले लॉब्स्टर यांच्या राशी जशाच्या तशा होत्या. त्या राशी पाहून मला समाधान वाटले, हे नाकारण्यात अर्थ नाही. आपण कधी काळी केलेल्या कष्टांची कोणीतरी इतकी वर्षे बिनबोभाट राखण केली, ही भावना सुखाची असते. पण पुढे काय करायचे, ते कळेना. पूर्वी शत्रूवर एकदा टिचकी मारली, की दोघे समोरासमोर उभे राहून आळीपाळीने वार करीत, आणि आपण फक्त वेळेवर मासा खायचा. आता पडद्याच्या तळाशी बटणांची ओळ होती, प्रत्येकाचा वेगळा डाव. जुनी पद्धत चालू करण्याची सोय २०१४ पासून आहे, हे मला भाच्याने शोधून सांगितले. तरी सभोवतालचे काय? लम्ब्रिज हे तर प्रत्येक नवख्याचे पहिले गाव. तेथे मधल्या काळात, २०१३ मध्ये, दोन देवांची लढाई झाली होती, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. माझी बाई लढाऊ म्हणून मोठी होती, धनाढ्य होती, आणि त्या गावात ती परकी होती.

मित्रांची यादी उघडली. या खेळात मित्र हजर नसला, तर त्याचे नाव लाल अक्षरांत दिसते. माझी यादी वरपासून खालपर्यंत लाल होती. त्यांपैकी कोणाचेही खरे नाव मला कधी ठाऊक नव्हते. एकजण रात्रपाळी करणारा होता, एक मुलगी परीक्षेआधी हटकून येत असे, आणि एकाने मला पोलाद गाळायला एका लोखंडामागे दोन कोळसे लागतात, हे इतक्या प्रेमाने समजावले होते, की माझ्या रसायनशास्त्राच्या सरांनाही ते साधले नसते. मी यादी बंद केली आणि दुसऱ्या दरवाजाकडे गेले.

तेथे आधी एका बेटावर शिकवणी होते. आग कशी पेटवायची, कोळंबी कशी भाजायची, ब्राँझसाठी तांबे आणि कथील कसे एकत्र करायचे, हे सगळे पुन्हा निमूटपणे शिकावे लागते. जाणत्या माणसालाही त्यातून सूट नाही. मग हातात ब्राँझची कुऱ्हाड देऊन तुम्हाला लम्ब्रिजच्या किल्ल्यापाशी आणून सोडतात. किल्ल्याच्या मुदपाकखान्यात एक स्वयंपाकी त्रस्त होऊन उभा असतो. ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचा आहे, आणि याच्याकडे अंडे, दूध व पीठ यांपैकी काहीच नाही. हे खेळातले पहिले काम.

त्या कामात मला जे जाणवले, ते पहिल्या दरवाजाने दिलेल्या सगळ्या संपत्तीत नव्हते. पीठ हवे असेल तर शेतातून गहू तोडायचा, पवनचक्कीत जाऊन दोन जिने चढायचे, वरच्या मजल्यावर गहू नळकांड्यात टाकायचा, शेजारची दांडी ओढायची, आणि पुन्हा तळमजल्यावर उतरून पिठाच्या पेटीखाली भांडे धरायचे. भांडे मात्र रिकामे आणि आपल्यापाशी हवे. ते नसेल तर पीठ समोर दिसत असूनही घेता येत नाही, आणि तेवढ्यासाठी किल्ल्यापर्यंत परत चालावे लागते. भाचा पाहत होता. मी मुदपाकखान्यातून बाहेर पडण्याआधीच टेबलावरचे भांडे उचलले. 'हे कशाला?' त्याने विचारले. लागेल, एवढेच मी म्हणाले. मला स्वतःलाही नेमके कारण आठवत नव्हते; चक्कीत पोचल्यावर आठवले.

मग एकामागून एक हाताला येऊ लागले. वॅरॉकला जाताना दक्षिणेच्या दगडांच्या वर्तुळापाशी काळे मांत्रिक उभे असतात आणि नवख्याला क्षणात लोळवतात, म्हणून तेथे वळसा घ्यायचा. अल खरीदच्या वेशीवर दहा नाण्यांचा टोल. करामजा बेटावर जायला पोर्ट सरीमहून जहाज, भाडे तीस नाणी, आणि परतीचे तीस आठवणीने बाजूला ठेवायचे. झोळीत अठ्ठावीस जागा. त्यांतली एक लॉब्स्टरच्या पिंजऱ्याला, एक नाण्यांना, म्हणजे खेपेला सव्वीस लॉब्स्टर. या हिशेबावर मी कॉलेजातल्या कितीतरी संध्याकाळी घालवल्या आहेत: बेटावर सव्वीस धरायचे, जहाजाने परतायचे, ड्रेनॉरच्या बँकेपर्यंत चालत जायचे, आणि पुन्हा जहाज. एवढ्यात कॅफेवाला मागून म्हणे, 'दीदी, टाइम हो गया.' आज माझ्या फोनमधल्या साध्या क्रमांकांपैकी दोनचारसुद्धा मला पाठ नाहीत. हे सव्वीस कसे टिकले, देव जाणे.

भाच्याचा आक्षेप वेगळा होता. 'पण यात पुढे जायला किती वेळ लागतो!' तो खरेच बोलत होता. प्रत्येक कौशल्याची शेवटची पायरी ९९, आणि तेथे पोचायला १,३०,३४,४३१ गुण लागतात. ९२ व्या पायरीला लागणारे गुण ६५,१७,२५३, म्हणजे निम्म्याला किंचितसे अधिक. सात पायऱ्या उरल्या असताना माणूस अर्ध्या वाटेवर असतो. पायरीमागे जवळजवळ दहा टक्क्यांची चक्रवाढ आहे, हे मी आयुष्यभर हिशेब तपासत आल्यामुळे आता चटकन ओळखले. तेव्हा फक्त थकवा ओळखीचा होता. या खेळाला कंटाळवाणा म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. तो कंटाळवाणा आहेच. पण त्या कंटाळ्यातच सगळे बोलणे होत असे. झाड तोडायला टिचकी मारली, की पुढे अर्धा मिनिट हात मोकळे. मग शेजारी तेच झाड तोडणाऱ्याशी बोलण्यावाचून करायचे काय? ओळखी अशा होत, आणि ज्यांच्याशी होत त्यांच्या देशात त्या वेळी सकाळ आहे की रात्र, हा हमखास पहिला प्रश्न असे.

आता ते बोलणे फार कमी झाले आहे. खाणीपाशी माणसे असतात, पण गप्प. कित्येकांच्या शेजारच्या पडद्यावर दुसरेच काहीतरी चालू असणार; मोकळ्या अर्ध्या मिनिटाला आता गिऱ्हाइके पुष्कळ आहेत. बॅकअपमधून जमीन, झाडे आणि गिरणी परत आणता आली. तो रिकामा वेळ कोणत्याच सर्व्हरवर साठवलेला नव्हता. आणि खरे तर हे जुने जगही गोठलेले नाही. नवी भर खेळाडूंच्या मतदानाने घातली जाते. पूर्वी त्यासाठी ७५ टक्के मते लागत, आता ७० टक्के पुरतात. वॅरॉकच्या बँकेपाशी गर्दी करून, आपला माल ओरडून विकण्याची जी धमाल असे, ती २०१५ मध्ये अशाच मतदानाने आलेल्या ग्रँड एक्स्चेंजने बहुतांशी संपवली. भाव टाकायचा, निघून जायचे, माल खपला की पैसे घ्यायचे. सोयीचे आहे, मीही वापरते, आणि कोळशाचा चालू भाव सकाळी चहाबरोबर पाहतेही.

राहता राहिले ते टॅव्हर्लीचे फाटक. फॅलाडॉर शहराच्या पश्चिमेला एक फाटक आहे आणि त्यापलीकडे टॅव्हर्ली नावाचे गाव. पैसे भरणाऱ्या सभासदांनाच ते उघडते. फुकट्यांना टिचकी मारल्यावर सभासद होण्याची सूचना मिळते. कॉलेजात असताना आमच्या घरी परदेशी पैसे भरता येईल असे कार्ड नव्हते, आणि खेळासाठी दरमहा पैसे, हा विषय बाबांपुढे काढण्याची कोणाची छाती नव्हती. नकाशाचा फार मोठा भाग त्या फाटकापलीकडे होता. मी अधूनमधून तेथे जाऊन, कुंपणापलीकडे दिसेल तेवढे पाहून येत असे.

या खेपेला मी महिन्याचे सभासदत्व घेतले. आई म्हणाली, 'घोडी झालीस, तरी खेळावर पैसे?' मी तिला रकमेचा आकडा निम्मा करून सांगितला. मग भाच्याला शेजारी बसवून फाटक उघडले आणि आत गेले. आतापर्यंत प्रत्येक वळणावर मी त्याला 'आता डावीकडे', 'येथे थांबू नकोस' असे ऐटीत सांगत होते. फाटकापलीकडे मला एकही वाट ठाऊक नव्हती. हे त्याच २००७ च्या जगातले गाव, माझ्या तारुण्यातले, आणि मी तेथे आयुष्यात पहिल्यांदा पाऊल टाकत होते. झोळी भरत आली होती, बँक कोठे दिसेना, आणि 'आत्या, आता कुठे?' असे भाचा दुसऱ्यांदा विचारत होता. एक अनोळखी खेळाडू समोरून चालला होता. मी त्याला येथली बँक कोठे आहे, असे विचारले. तो थांबला, आणि त्याने लिहिले, की या गावात बँकच नाही, आलात तसे फाटकातून मागे फॅलाडॉरला जा. मी त्याचे आभार मानले आणि तुमच्याकडे आता किती वाजले आहेत, असे विचारले. त्याच्याकडे सकाळचे साडेदहा वाजले होते.