वाकणारा गुडघा आणि न ऐकणारी मांडी

गुडघ्यातील अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर नौपाड्यातील आमच्या घरी जे कोणी भेटायला आले, त्या सर्वांनी मला एकच प्रश्न विचारला : "मांडी घालून बसता येतं का?" आपल्याकडे पंगतीपासून पूजेपर्यंत सगळे काही जमिनीवर बसून होत असल्यामुळे गुडघ्याची परीक्षा वाकण्यावरच घेतली जाते. गुडघा पूर्ण सरळ होतो का, आणि सरळ केल्यावर मांडीचा पुढचा स्नायू घट्ट होतो का, हे मात्र एकाही पाहुण्याने विचारले नाही. आणि माझे खरे दुखणे नेमके तेथेच होते.

सोसायटीच्या आवारात बॅडमिंटन खेळताना उडी मारून उतरलो, तेव्हा पाऊल जमिनीला चिकटल्यासारखे राहिले आणि शरीर मात्र वळले. उजव्या गुडघ्यातील तुटलेल्या पुढच्या क्रूसीय अस्थिबंधाच्या (एसीएल, म्हणजे गुडघ्याची हाडे एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा) जागी मांडीच्या मागच्या बाजूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, काढून बसवण्यात आला. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट मॅडमनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवली आणि ती खाली दाबायला सांगितले. डाव्या पायाला हे सांगताच मांडी टणक झाली व गुडघ्याची वाटी वर सरकली. उजव्या पायाला मी दात-ओठ खाऊन तेच सांगितले, तरी मांडी भिजवलेल्या कणकेसारखी पडून राहिली. मांडीच्या पुढच्या बाजूला तर सुरी लागलीच नव्हती, मग हा स्नायू एका रात्रीत गेला कोठे?

तो कोठेही गेलेला नसतो. त्याला गप्प बसवलेले असते. सांध्यात द्रव साठला की सांध्याच्या आवरणातील चेतातंतू मज्जारज्जूकडे संदेश पाठवतात आणि मांडीच्या पुढच्या चारही स्नायूंना जाणारी आज्ञा वाटेतच दबली जाते. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी गुडघ्यांमध्ये सलाइन भरून हे पाहण्यात आले होते : आतल्या बाजूचा स्नायू २० ते ३० मिलिलिटरलाच मंदावू लागला, बाकीच्यांना ५० ते ६० मिलिलिटर लागले. म्हणजे चार-सहा चमचे पाणी पुरते! हे कळल्यावर बर्फाच्या शेकाकडे मी व्यायामाचाच एक भाग म्हणून पाहू लागलो आणि विजेच्या सौम्य झटक्यांनी स्नायू आकुंचित करण्याच्या उपचाराला असलेला माझा विरोधही मावळला. नवव्या दिवशी आई माझ्या मांडीवर तळहात ठेवून बसली होती, ती एकदम म्हणाली, "अरे, आत्ता हलली बघ." मला स्वतःला काहीच जाणवले नव्हते.

तरीही पाय सरळ ठेवून उचलताना टाच आधी बिछान्यालाच टेकलेली राही आणि गुडघा किंचित वाकूनच वर येई. सातव्या आठवड्यात वाटीच्या १० सेंटिमीटर वर टेप लावला, तेव्हा डाव्या मांडीचा घेर ४७.५ आणि उजवीचा ४४ सेंटिमीटर भरला. एव्हाना मी कुबड्यांशिवाय चालत होतो आणि शेजारी माझे अभिनंदन करत होते.

चालणे हा या बाबतीतला सर्वांत फसवा पुरावा आहे, असे माझे मत झाले आहे. टाच टेकल्यावर निरोगी गुडघा थोडा वाकून शरीराचा भार झेलतो, आणि तो झेलण्याचे काम मांडीचा पुढचा स्नायू करतो. दुबळा पाय हे काम टाळण्यासाठी गुडघा ताठ ठेवतो आणि भार कमरेवर, घोट्यावर व दुसऱ्या पायावर ढकलतो. घरात वजनाचे दोन काटे शेजारी शेजारी ठेवून, प्रत्येकावर एकेक पाऊल ठेवून मी अर्धी बैठक मारली. मला वाटले, मी अगदी समतोल उभा आहे. काटे म्हणाले, डावीकडे ४३ किलो आणि उजवीकडे २९. तीच लबाडी ठाणे स्थानकाच्या पुलावर उघडी पडत असे. चढताना काही कळत नसे, पण उतरताना शरीराचा भार एकट्या उजव्या पायाने सावकाश खाली सोडायची वेळ आली की हात आपोआप कठड्याकडे जाई आणि मागून लोकलच्या घाईत असलेली माणसे उसासे टाकत.

खेळाकडे परतण्यापूर्वी दोन्ही मांड्यांच्या ताकदीतील फरक १० टक्क्यांच्या आत असावा, असा दंडक सामान्यतः पाळला जातो. त्यातही एक गोम आहे : महिनोन् महिने घरी बसल्याने चांगला पायही दुबळा होतो, त्यामुळे त्याच्याशी केलेली तुलना आपल्याला जरा जास्तच गुण देते. एका पायावर लांब उडी मारण्याच्या चाचणीवरही माझा फारसा विश्वास नाही, कारण ते अंतर कंबर आणि घोटा मिळून बरेचसे काढून देतात. नॉर्वेच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नवव्या महिन्यापर्यंत खेळ जितका लांबवला तितके प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटलेले आढळले होते.

मला आता आठवा महिना चालू आहे. मांडी घालून बसणे केव्हाच जमले, त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी मी बरा झालो आहे. गेल्या चाचणीत उजवी मांडी डावीच्या ८२ टक्के भरली, काटे ३७ आणि ३५ दाखवतात, आणि रॅकेट अजून कपाटावरच आहे.