आईनं पाहिलेलं

होजांनी, म्हणजे आमच्या शिक्षकांनी, आज तुर्कीची वही परत दिली. दहा वाक्यांत नऊ बरोबर. एकाखाली लाल रेघ आणि शेजारी बारीक अक्षरात प्रश्न : आठवतंय का तुला?

मी लिहिलं होतं, 'ओन आयलिक्केन युरुदुम.' दहा महिन्यांची असताना मी चालले. त्यांनी खोडून 'युरुमुशुम' केलंय. नियम पाठ आहे मला. स्वतः पाहिलं, अनुभवलं तर 'दि'. कुणाकडून कळलं, मागाहून उमगलं तर 'मिश'. 'युरु'च्या उकारामागे त्यांचं दु आणि मुश होतं, एवढंच. बसल्याबसल्या डोळा लागला तरी उठल्यावर 'उयुयाकालमिशिम' म्हणायचं, कारण झोप लागताना आपली आपल्याला खबर नसते. आपणही म्हणतोच की, 'आला म्हणे', 'पाऊस पडून गेलेला दिसतोय'. पण आपल्याला 'म्हणे' गाळता येतं. इथं ते क्रियापदातच शिवलेलं.

तरी ती रेघ दिवसभर मनातून जाईना. इस्तंबूलमधल्या कादिकॉयच्या बोटीतही तेच. कारण मला आठवतं! ओसरीची शहाबादी फरशी, तळपायाला गार, आणि समोर आईचे पसरलेले हात. हेही ऐकूनच आलं असेल, तर मग माझं स्वतःचं काय उरलं? या शहरात मला पोरवयात पाहिलेलं एक माणूस नाही. कुणाला विचारणार?

इथं आठ, म्हणजे तिकडे साडेदहा. तरी आईला फोन लावला.

"दहाव्या महिन्यात? तो दादा गं. तू चांगली सव्वा वर्षाची होतीस. धरून धरून चालायचीस, हात सोडायला तयार नाही."

हल्ली तिचं असं होतं. परवा तर मलाच तिनं... जाऊ दे.

"आणि ती फरशी?"

"फरशी होतीच की. गार लागली की पाय आखडून घ्यायचीस. मी हात पसरून बसायची समोर."

खूप वेळ बोलत होती मग. दिवा घालवायला उठली तेव्हा ठेवला फोन.

वाक्य पुन्हा लिहिलंय. 'ओन बेश आयलिक्केन युरुमुशुम.' पंधरा महिने. दादाचे की माझे, आता भांडत नाही. 'मुश' तसाच राहिला, आणि तो सकाळसारखा टोचत नाहीये. तिनं सांगितलं म्हणून तर ते माझ्याकडे आहे.

खाली आईच्या वतीनं आणखी एक लिहिलं, गृहपाठात नसलेलं. 'किझिम युरुदु.' माझी लेक चालली. इथं मात्र 'दु'च हवा, होजाम. ती समोर बसली होती, हात पसरून.