लिबर्टीवरची झोपमोड

बालीतल्या तुलांबेनच्या किनाऱ्यावर वाळू कमी आणि गोटेच जास्त. पहाटेच्या अंधारात पाठीवर टँक घेऊन त्यांवरून चालायचं म्हणजे पाय मुरगळायची भीती. त्या दिवशी माझ्याबरोबर डायव्हिंगला दोघं होते, दोघंही सरावलेले. एकाच्या कॅमेऱ्याला व्हिडिओसाठी दोन दणदणीत दिवे. खाली उतरण्याआधी मी खोली, हवा, परतीची वाट असं सगळं नीट सांगितलं. दिव्यांचं मात्र राहून गेलं.

'लिबर्टी' इथे बुडाली असं लोक म्हणतात, पण ते तसं नाही. ११ जानेवारी १९४२ रोजी या अमेरिकन मालवाहू जहाजाला जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला, तेव्हा ते ओढत आणून या किनाऱ्याला लावलं. पुढची एकवीस वर्षं ते कोरड्यावरच होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला, जमीन हादरली आणि जहाज घसरून पाण्यात गेलं. म्हणून ते किनाऱ्याच्या इतकं जवळ आहे. वरचा भाग पाचेक मीटरवर, तळ तिसाच्या आसपास.

चौदा मीटरवर, कलत्या पत्र्याखाली बम्पहेड पॅरटफिश झोपले होते. मीटरभर लांबीचे, कपाळावर भलंमोठं टेंगूळ, दात जुळून झालेली चोच. मी टॉर्च वाळूकडे धरून त्याच्या कडेच्या उजेडात ते दाखवले. दोघांनी 'ओके' केलं. आणि पुढच्या क्षणी ते दोन्ही दिवे पेटले.

झोपेतून दचकलेला मासा समोर बघत नाही. पहिला थेट लोखंडावर आदळला. तो धप्प आवाज मला छातीत जाणवला. मग दहा-बारा धूड आमच्या डोक्यांवरून सुसाट गेले. गंजाचे कण पाण्यात भरले आणि त्यांतून एक खवला, माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा मोठा, गिरक्या घेत खाली उतरत होता. मी दोन्ही दिव्यांवर तळवे ठेवले. त्याने लगेच बंद केले.

आठेक मीटरवर आलो तेव्हा उजाडत होतं. दिसायच्या आधी ऐकू आलं, कोणी खडी चावतंय असं. सगळा कळप जहाजावरच्या प्रवाळावर तुटून पडला होता. हे मासे प्रवाळ चावून दगडासकट भरडतात आणि वाळू करून मागे सोडतात. एक मोठा मासा वर्षाला पाच टनांहून जास्त भरडतो. प्रत्येकामागे पांढरा ढग लोंबत होता. एकाच्या कपाळावर खरवडल्यासारखा फिकट डाग दिसला. नर एकमेकांना डोकी आपटतात, त्यामुळे तो जुनाही असेल. पण माझं मन मानेना. मी त्याच्याकडेच बघत राहिले. टँकमधल्या हवेचा दाब सत्तर बारवर आला तेव्हा वर निघालो, पाच मीटरवर तीन मिनिटं थांबलो, तेव्हाही नजर खालीच.

किनाऱ्यावर मास्क काढत कॅमेरावाला म्हणाला, "आधी सांगितलं असतं तर मी लावलेच नसते हो."

"चुकलं माझं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या पहाटे त्याने ते दिवे स्वतःहून खोलीवर ठेवले. आम्ही पत्र्यापासून बरंच लांब, काळ्या वाळूच्या हातभर वर, टॉर्च बंद करून तरंगत राहिलो. पहिला बम्पहेड बाहेर आला तेव्हा माझ्या हवेच्या मीटरवर एकशे तीस बार होते.